दोन टप्प्यांच्या क्लचचा ट्रॅक्टर : ११ महिने आणि ६४० तासांनंतरचा अनुभव

चिकोडी तालुक्यात दूधगंगेच्या काठाला आमची काळी जमीन आहे आणि तीत मुख्यतः ऊस असतो. गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर आम्ही ४५ अश्वशक्तीचा, दोन टप्प्यांच्या क्लचचा ट्रॅक्टर घेतला. त्याआधी बरीच वर्षे साध्या, एका प्लेटीच्या क्लचवर काम केले असल्यामुळे फरक कुठे पडतो हे नेमके सांगता येईल असे वाटते.

साध्या क्लचची अडचण खोडव्याचे (तोडलेल्या उसाचे शेतात राहिलेले) बुडखे रोटाव्हेटरने मोडताना सर्वांत जास्त जाणवत असे. गिअर बदलण्यासाठी पेडल दाबले की ट्रॅक्टरबरोबर पी.टी.ओ. (मागचे अवजार फिरवणारा दांडा) सुद्धा थांबायचा, रोटाव्हेटरचा पात्यांचा रोटर पाचटात आणि ओल्या मातीत रुतून बसायचा आणि पुन्हा पेडल सोडताना सगळा भार एकदम इंजिनावर यायचा. नव्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धे दाबले की फक्त चाके थांबतात आणि रोटर फिरत राहतो. पूर्ण दाबले तरच पी.टी.ओ. सुटतो. सरीच्या टोकाला किंवा पाचटाचा ढीग समोर आला की अर्ध्या पेडलवर क्षणभर थांबायचे, रोटरला तेवढे कापून काढू द्यायचे आणि मग पुढे निघायचे. एवढ्या एका सोयीसाठी मी हाच ट्रॅक्टर पुन्हा घेईन.

ही सोय नीट टिकवायची तर आतली रचना समजून घेतली पाहिजे. क्लचच्या पोटात दोन प्लेटी असतात. एक गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते, तर दुसरी त्याच दांड्याभोवतीच्या पोकळ दांड्यावर बसून पी.टी.ओ. फिरवते. पेडल दाबल्यावर बेअरिंग पुढे सरकून तीन फिंगर (छोट्या तरफा) दाबते आणि पहिल्या प्लेटीवरचा दाब निघतो. पुढे मुद्दाम थोडे मोकळे अंतर ठेवलेले असते. ते संपले की तीन बोल्टांमार्फत दुसऱ्या प्लेटीवरचा दाबही निघू लागतो, आणि त्याच जागी पायाला पेडल जड झाल्याचे कळते. हे अंतर कमी असेल तर दोन्ही प्लेटी जवळजवळ एकदमच सुटतात आणि क्लच साध्या क्लचसारखा वागतो. जास्त असेल तर पेडल तळाला टेकले तरी पी.टी.ओ. पूर्ण सुटत नाही.

पाचव्या महिन्यात आम्हाला नेमका हाच त्रास झाला. गळीत हंगामात ऊस कारखान्याला नेताना चालकाचा पाय सतत पेडलवर असायचा. त्यामुळे बेअरिंग फिंगरला घासत राहिले, प्लेट घसरू लागली आणि चढाला करपल्याचा वास येऊ लागला. जवळच्या एका गॅरेजात बाहेरचा रॉड फिरवून पेडलला भरपूर ढील (क्लच सुटू लागण्याआधीची मोकळी चाल) दिली. घसरणे थांबले, पण दुसऱ्याच दिवशी पी.टी.ओ.चा लिव्हर टाकताना कर्रकर्र आवाज सुरू झाला. ढील इतकी वाढली होती की पेडलची उरलेली चाल दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

मग निपाणीचे एक जुने मेस्त्री बोलावले. त्यांनी आधी पट्टीने पेडलची ढील मोजली, पुस्तिकेप्रमाणे २० ते २५ मिलिमीटरवर आणली आणि म्हणाले, "मालक, पेडल झालं, आता पोटातलं बघू." इंजिन बंद करून, चावी काढून त्यांनी हाउसिंगची खिडकी उघडली. फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) हाताने फिरवत एकेक बोल्ट खिडकीसमोर आणून फिलर गेजने (फटीत घालून अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) अंतर पाहिले. आमच्या मॉडेलला ते सुमारे २ मिलिमीटर हवे. दोन ठिकाणी बरोबर होते, तिसऱ्या ठिकाणी गेज सैल जात होता. चेकनट (बोल्ट जागेवर पक्का धरणारा नट) ढिला करून तो बोल्ट जुळवला आणि चेकनट पुन्हा आवळला. तिन्ही ठिकाणचे अंतर सारखे नसेल तर प्लेट तिरकी सुटते, हे त्यांनी गेज माझ्या हातात देऊन दाखवले. बाहेरचा रॉड आणि आतले बोल्ट ही दोन वेगळी जुळवणी आहेत. एकाची चूक दुसऱ्याने झाकता येत नाही. आकडे मात्र प्रत्येकाने आपल्याच ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतून घ्यावेत.

विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. या क्लचमध्ये ट्रॅक्टर पुढे चालत असताना केवळ पी.टी.ओ. थांबवता येत नाही. त्यासाठी वेगळ्या लिव्हरचा, स्वतंत्र पी.टी.ओ. क्लच असलेला ट्रॅक्टर लागतो. दुकानात या दोन प्रकारांसाठी 'ड्युअल' आणि 'डबल' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून शेतात चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता मी दर पंधरवड्याला रोटर उचलून, शाफ्टजवळ कोणालाही उभे राहू न देता तपासणी करतो. पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या पेडलवर ट्रॅक्टर जागेवर राहतो आणि रोटर फिरत असतो. पूर्ण दाबल्यावर तो मंदावून थांबतो. चालकाला पेडलवर पाय टेकवू न देण्याची सवय लावायला मात्र दोन महिने गेले. मेस्त्रींनी तिन्ही चेकनटांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून दिली आहे. परवा खिडकी उघडून पाहिली, तेव्हा तिन्ही रेघा जागच्या जागी होत्या आणि गेज तिन्ही ठिकाणी सारखाच अडत होता.