बॅटरी बदलायला दिली, बीकनच बदलून आला

भावाला फोन आला तेव्हा तो माझ्याच घरी बसला होता. पलीकडचा माणूस शोध-बचाव केंद्रातून बोलत होता. "तुमची बहीण आत्ता कुठे आहे? तिच्या नावावरचा आपत्कालीन बीकन सुरू झालाय." भावाने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. मी सांगितलं, मी घरी आहे, धडधाकट आहे आणि बीकन कपाटात सॅकच्या वरच्या कप्प्यात बंद ठेवलेला आहे. ते म्हणाले, "लेबलवरचा ओळख क्रमांक वाचून दाखवा." पंधरा अक्षरांचा असतो तो, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. मी एकेक अक्षर वाचत गेले, ते "बरोबर" म्हणत गेले. शेवटचं अक्षरही जुळलं.

म्हणजे माझा बीकन कपाटात होता आणि त्याच वेळी कुठल्याशा बंदरातून उपग्रहाला हाक मारत होता.

ज्यांनी हे यंत्र वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे पीएलबी, हे मुठीत मावणारं रेडिओ यंत्र आहे. अडकलात, जीव धोक्यात आहे आणि दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही, तर अँटेनाची पट्टी उलगडायची आणि बटण दाबायचं. मग ते ४०६ मेगाहर्ट्झवर, सुमारे ५ वॅट ताकदीने, साधारण दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा संदेश सोडत राहतं. त्या संदेशात बोलणं नसतं, मजकूर नसतो. असतो फक्त बीकनचा ओळख क्रमांक आणि जीपीएसने जागा पकडली असेल तर ती जागा. तो कोस्पास-सारसॅट यंत्रणेचे उपग्रह ऐकतात. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी उभी केलेली ही यंत्रणा १९८२ पासून माणसं वाचवते आहे. ना सिम, ना मासिक वर्गणी. शोधपथक जवळ आलं की त्यांना नेमकं पोचता यावं म्हणून बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर मंद सूरही सोडत असतो.

फोनवरच्या माणसाचं काम इथे सुरू होतं. बहुतेक इशारे चुकून दिले गेलेले असतात, म्हणून पथक पाठवायची तयारी करतानाच ते बीकनच्या नोंदणीत मालकाने दिलेल्या नंबरावर फोन लावतात. घरच्यांनी सांगितलं की "हो, ती डोंगरात गेलीय, दोघं आहेत, तंबू लाल आहे," तर शोधाला दिशा मिळते. घरच्यांनी सांगितलं की "ती तर समोर बसलीय," तर? त्या क्षणी माझ्या मनात आलं ते असं, की तिकडे खरंच कोणी बुडत असेल तर माझ्या एका खऱ्या वाक्याने त्याची मदत लांबेल. केंद्रातल्या माणसाने मात्र इशारा खोटा ठरवला नाही. जीपीएसची जागा हाती होती, तिथे माणसं पाठवली गेली. एका होडीवर सामान चढवताना बॅगेत दबून पट्टी उलगडली गेली होती आणि बटणही दाबलं गेलं होतं. होडीवाला सुखरूप होता आणि प्रचंड गोंधळलेला. त्याच्या बीकनच्या लेबलवर वेगळाच क्रमांक होता, पण यंत्र हाक मारत होतं माझ्या नावाने.

त्याने तो बीकन ज्याच्याकडून घेतला होता त्याचं वर्णन ऐकलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझी बॅटरी बदलून देणारा तोच.

आता मूळ व्यवहार. पीएलबीतली बॅटरी लिथियमची, चार्ज न होणारी असते आणि साधारण पाच ते सात वर्षांनी, लेबलवरच्या तारखेआधी, बदलावी लागते. एकदा खऱ्या प्रसंगात वापरला तर तारीख उरलेली असली तरी बदलावी लागते. ही तारीख ठरवतानाच असा हिशेब केलेला असतो की शेवटच्या दिवशीही, उणे २० अंश थंडीत, बीकन निदान २४ तास चालेल. आपण पाठीमागचं झाकण काढून सेल घालावेत असं हे यंत्र नाही. कवच उघडलं की आतली रबरी सील बदलायची, पुन्हा बंद केल्यावर पाणी शिरत नाही ना याची दाब देऊन चाचणी घ्यायची, ४०६ चा संदेश नीट जातोय का ते मोजायचं. हे कंपनीने नेमलेल्या केंद्रातच होतं. तिथे पाठवणं कटकटीचं, कारण लिथियम बॅटरी असलेलं यंत्र धोकादायक मालाच्या नियमांत बसवून पाठवावं लागतं, हरेक कुरिअरवाला ते घेत नाही, आणि परत यायला आठवडे जातात.

नेमकी हीच कटकट या माणसाचं भांडवल. भटक्या मंडळींच्या ओळखीतून त्याचं नाव आलं होतं. "कंपनीचा अधिकृत" असं तो सांगायचा, भिंतीवर प्रमाणपत्र होतं, आणि बोलणं अगदी जाणकाराचं. "मॅडम, कंपनीकडे पाठवलात तर मोसम निघून जाईल. मी चार दिवसांत हातात देतो, निम्म्या पैशांत." बीकन परत आला तेव्हा त्यावर नव्या तारखेचं करकरीत लेबल, सोबत शिक्क्याचा कागद, त्यावर "दाब चाचणी उत्तीर्ण" असा शेरा. समोरच सेल्फ-टेस्टचं बटण दाबून त्याने दिवा लावून दाखवला. हिरवा. आणखी काय बघणार?

त्या हिरव्या दिव्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण फसवणूक सगळी त्याच्या उजेडात होते. सेल्फ-टेस्टमध्ये बीकन एकच छोटा संदेश सोडतो, आणि उपग्रहांनी त्याकडे दुर्लक्ष करावं अशी खूण त्यात असते. त्यात सर्किट जिवंत आहे, ट्रान्समीटर चालतोय, बॅटरी क्षणभर भार पेलते आहे इतकं कळतं. ती बॅटरी थंडीत २४ तास टिकेल का, हे त्या क्षणभरात कळत नाही. मुदत कधीच उलटलेली बॅटरीसुद्धा हिरवा दिवा लावू शकते. कवचात पाणी शिरेल का, ते तर मुळीच कळत नाही. आणि कोणाच्या नावाने हाक जाते आहे, हे दिवा सांगत नाही. म्हणून उगाच सारखं बटण दाबत बसण्यातही अर्थ नाही. प्रत्येक चाचणी बॅटरीतलं थोडं खाते, आणि जीपीएसची चाचणी तर काही मॉडेलांत पूर्ण आयुष्यात मोजक्याच वेळा करता येते. मॅन्युअलमध्ये जे वेळापत्रक दिलंय ते पाळावं, त्याहून जास्त नाही.

फोननंतर मी कपाटातला बीकन कंपनीच्या खऱ्या केंद्रात पाठवला. तिथे बीकन टेस्टर नावाचं उपकरण असतं. सेल्फ-टेस्टचा संदेश ते पकडतं आणि त्यातला ओळख क्रमांक उलगडून पडद्यावर दाखवतं. लेबल माझं, आतला क्रमांक दुसऱ्याच कोणाचा. क्रमांकातच तीन आकडी देशसंकेत असतो. तोही परका निघाला. कवचाच्या शिवणीवर सिलिकॉन फासलेलं, सील चपटी झालेली, बॅटरी कारखान्यातून बसवलेली तीच, कधीच न बदललेली, मुदत केव्हाच संपलेली. मूळ मालकाने तो बीकन "वापरातून काढला" अशी नोंद करून भंगारात टाकला होता. भंगारात टाकताना बॅटरी काढून टाकायची असते, ती त्याने काढली नव्हती. न काढलेले बीकन कचऱ्याच्या ढिगात सुरू होतात आणि बचाव पथकं तो ढीग उपसत बसतात, हे प्रकार घडलेले आहेत. हा बीकन ढिगाऐवजी माझ्या सॅकमध्ये आला एवढंच.

आणि माझा, मुदत थोडीच उरलेला पण शाबूत बीकन त्याने नवं लेबल चिकटवून "नवी बॅटरी, नोंदणीसह" म्हणून होडीवाल्याला विकला. नोंदणीचे वेगळे पैसे घेतले. प्रमाणपत्र दिलं, तेही घरी छापलेलं. खऱ्या नोंदवहीत मी होते, भावाचा नंबर होता, म्हणून फोन आमच्याकडे आला. आतला क्रमांक त्याला बदलता आला नसता. त्यासाठी निर्मात्याचं प्रोग्रामिंग लागतं. त्याच्या आवाक्यात होता फक्त कागद आणि डिंक.

मी संकटात बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी शांतपणे करून पाहिलाय. क्रमांक चुकीचा असला तरी हाक पोचली असती; जागा पोचली असती तर कोणीतरी आलंही असतं, जरा उशिरा, आधी भलत्याच देशात फोन फिरवून. नावाच्या घोळापेक्षा मला बॅटरीचा राग जास्त आहे. ती काही तासांत मान टाकणार होती, आणि पावसात तर त्याआधीच.

या धंद्यात बाकीच्या वाटाही आहेत. गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांशी बोलणं झालं, त्यातून कळलेल्या सांगते.

सगळ्यात सर्रास चालणारी म्हणजे नोंदणीच्या नावाखाली पैसे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे बीकनची सरकारी नोंदणी फुकट आहे. ज्या देशांची स्वतःची नोंदवही नाही त्यांच्यासाठी कोस्पास-सारसॅटची आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे, तीही फुकट. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात दर दोन वर्षांनी माहिती ताजी करावी लागते, त्यालाही पैसे पडत नाहीत. "वार्षिक उपग्रह शुल्क" कोणी मागितलं तर तिथेच थांबा, पीएलबीला ते नसतं. वर्गणी असते ती सॅटेलाइट मेसेंजरला, म्हणजे उपग्रहावरून मजकूर पाठवणाऱ्या इनरीच, स्पॉट वगैरे यंत्रांना. ती वेगळी जात आहे, खाजगी सेवेवर चालते. तिथे उलटी फसवणूक होते. "आजीवन वर्गणीसह" म्हणून जुनं यंत्र विकतात आणि ते मूळ मालकाच्या खात्याला बांधलेलं निघतं.

दुसरी वाट, भलतंच यंत्र "बीकन" म्हणून गळ्यात मारणं. फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारे जुने बीकन अजून स्वस्तात फिरताहेत. उपग्रहांनी ती वारंवारता ऐकणं १ फेब्रुवारी २००९ रोजी बंद केलं. एआयएसवर, म्हणजे जहाजं एकमेकांना आपली जागा कळवतात त्या रेडिओ यंत्रणेवर, चालणारा "माणूस पाण्यात पडला"चा बीकन आसपासच्या जहाजांना दिसतो, उपग्रहाच्या बचाव यंत्रणेला नाही. आपल्याच होडीवरून कोणी पडलं तर उत्तम, एकट्याला निर्जन किनाऱ्यावर निरुपयोगी. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या सोबत्याला शोधायचे ४५७ किलोहर्ट्झचे ट्रान्सीव्हर तर जेमतेम पन्नास-साठ मीटरपर्यंतच पोचतात. शेवटची दोन आपापल्या जागी चांगली यंत्रं आहेत, पण विकणारा तिन्हींना एकच नाव देतो.

जुना घेताना मी आता काय बघते? पट्टीवरचं सील तुटलंय का, हे पहिलं. तुटलं असेल तर बीकन कधीतरी सुरू झालाय आणि बॅटरी किती खर्ची पडली ते विकणारा सांगेल तेच खरं धरावं लागतं. मग लेबलवरचा क्रमांक कोस्पास-सारसॅटच्या संकेतस्थळावर टाकून देशसंकेत उलगडते. मालकाला माझ्यासमोर नोंदवहीत हस्तांतर करायला लावते. तो "नंतर करतो" म्हणाला की व्यवहार संपला. आणि हे सगळं पुरेसं नाही, हे वर लिहिलेल्यावरून कळलंच असेल, कारण लेबल छापता येतं. सेल्फ-टेस्टचा संदेश टेस्टरवर वाचून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जहाजांच्या सुरक्षा साहित्याची तपासणी करणाऱ्यांकडे हे उपकरण असतं, काम थोड्या वेळाचं आहे.

सर्व्हिसिंगला देतानाही तेच. जाण्याआधीचं आणि आल्यानंतरचं टेस्टरवरचं वाचन, दोन्ही लेखी. बीकनचा अनुक्रमांक आणि ओळख क्रमांक यांची जोडी निर्मात्याच्या दप्तरात असते. तुमच्याकडेही फोटो असू द्या. तक्रारीत माझ्या हाती हाच एक भक्कम पुरावा होता. जुन्या लेबलच्या फोटोतला अनुक्रमांक आणि होडीवाल्याच्या यंत्राच्या आत कोरलेला अनुक्रमांक एकच निघाला. "अधिकृत" म्हणणाऱ्याचं नाव निर्मात्याच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का ते बघा. त्याच्या भिंतीवरची चौकट बघू नका.

सुरुवातीला पोलिसांना गुन्हा नेमका काय हे समजावण्यात वेळ गेला. "यंत्र तर चालू आहे ना मॅडम?" असं एकाने विचारलं आणि हिरवा दिवा लावून बघितला. शेवटी बचाव केंद्राच्या इशाऱ्याची नोंद आणि टेस्टरचा कागद शेजारी ठेवले, तेव्हा गाडी पुढे सरकली. होडीवाला आणि मी, दोघांची तक्रार एकत्र दाखल आहे. दुकानाला कुलूप आहे, फोन लागत नाही. माझा बीकन मुद्देमाल म्हणून जमा आहे, बॅटरी काढून. नोंदवहीत तो तात्पुरता "वापरात नाही" असा दाखवलाय, आणि कपाटातला भंगार बीकन केंद्राने रीतसर नष्ट केला.

त्या माणसाने आणखी किती जणांना लेबलं बदलून दिली, ते कोणालाच ठाऊक नाही. तुमच्या बीकनची बॅटरी कंपनीच्या केंद्राबाहेर कोणी "चार दिवसांत, निम्म्या पैशांत" बदलून दिली असेल, तर पुढच्या मोहिमेआधी त्याचं वाचन करून घ्या. क्रमांक जुळला नाही तर लगेच तुमच्या देशाच्या नोंदवहीला कळवा, कारण तुमच्या नावाचा बीकन कोणाच्या तरी बॅगेत आहे, आणि त्याला गरज पडली तर फोन तुमच्या घरी येणार आहे.