कर्मचाऱ्यांच्या फीडबॅकसाठी गूगल फॉर्म्स: गोळा करायला चांगला, पुढचं काम तुमचं

कर्मचाऱ्यांचं म्हणणं ऐकायचं ठरलं की बऱ्याच ऑफिसांत सगळ्यात आधी गूगल फॉर्म्सच उघडला जातो. तो मोफत आहे, कुणाला शिकवावा लागत नाही, मोबाइलवर नीट चालतो आणि उत्तरं थेट गूगल शीटमध्ये, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात, येऊन पडतात. शंभर-दीडशे माणसांपर्यंतच्या ऑफिसला वेगळं सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही, हे आमचं स्पष्ट मत. मात्र ‘निनावी’ म्हणून पाठवलेला फॉर्म खरोखर निनावी आहे का, हे काही सेटिंग्जवर ठरतं. ती तपासली नाहीत तर लोक एक तर भरत नाहीत किंवा ‘सगळं छान आहे’ लिहून मोकळे होतात.

‘कलेक्ट ईमेल अ‍ॅड्रेसेस’ हा पर्याय ‘डू नॉट कलेक्ट’वर हवा, हे बहुतेकांना माहीत असतं. खरी गडबड ‘लिमिट टू वन रिस्पॉन्स’ने होते. एकाने दोनदा भरू नये म्हणून ते चालू केलं की प्रत्येकाला लॉगिन करावं लागतं. ईमेल तुमच्यापर्यंत येत नाही, पण भरणाऱ्याला फॉर्मच्या माथ्यावर स्वतःचाच ईमेल पत्ता दिसतो. शेजारी बारीक अक्षरात तो शेअर होत नसल्याचं लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण? पत्ता दिसला की माणूस सावध होतो आणि साहेबांबद्दलचं वाक्य खोडून टाकतो. फॉर्म फक्त संस्थेतल्या लोकांपुरता ठेवला तरी लॉगिन लागतंच. दोन-चार जणांनी दोनदा भरण्याचा धोका परवडतो, सगळ्यांनी बिचकून भरलेला फॉर्म परवडत नाही. त्यामुळे लहान ऑफिसात ही दोन्ही बंधनं काढून टाकावीत.

फाइल जोडायला सांगणारा प्रश्न चुकूनही ठेवू नका. त्यालाही लॉगिन लागतं आणि वर फाइलच्या नावाला भरणाऱ्याचं नाव चिकटतं. प्रत्येक नव्या उत्तराची ईमेल सूचना बंद ठेवा, कारण सूचना आली त्या क्षणी समोर कोण मोबाइल घेऊन बसलंय हे दिसत असतं. फॉर्म संपादित करण्याचा अधिकार ज्यांना दिलाय, त्या सगळ्यांना उत्तरंही दिसतात. जोडलेल्या शीटचं शेअरिंग वेगळं असतं, तेही तपासा. उत्तरं पाहणारी माणसं दोनच असावीत आणि ती कोण, हे फॉर्मच्या वर लिहावं.

तरीही शीटच्या पहिल्या रकान्यात तारीख-वेळ येतेच आणि ती बंद करण्याची सोय फॉर्ममध्ये नाही. रात्रपाळीत तिघंच असतील आणि पहाटे तीनला उत्तर आलं, तर निनावी काय उरलं? यावर उपाय असा: उत्तरं वेगळ्या शीटमध्ये फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, वेळेचा रकाना उडवा आणि मोकळ्या लेखी उत्तरांचा रकाना बाजूला काढून डेटा मेनूतल्या ‘रँडमाइझ रेंज’ने त्याचा क्रम मोडा. कोणतं वाक्य कोणत्या विभागाच्या ओळीतलं, हा धागा तिथे तुटतो. मॅनेजरांना हीच प्रत द्यायची, मूळ शीट नाही.

विभाग, अनुभव, पाळी अशी माहिती विचारण्याचा मोह आवरायला हवा. ५ विभाग, अनुभवाचे ३ गट आणि २ पाळ्या म्हणजे ३० कप्पे. माणसं ६० असतील तर एका कप्प्यात सरासरी दोनच. अशा कामासाठी बनवलेली सशुल्क सॉफ्टवेअर ठरावीक संख्येपेक्षा लहान गटाचा निकाल दाखवतच नाहीत. गूगल फॉर्म्समध्ये हे कुंपण नाही आणि आमच्या दृष्टीने त्याची ही सर्वांत मोठी उणीव आहे. कुंपण हाताने घाला: अशी एकच गोष्ट विचारा आणि पाचपेक्षा कमी उत्तरं आलेला गट शेजारच्या गटात मिसळा.

प्रश्नांच्या बाबतीत फॉर्म तुम्हाला काहीच टोकत नाही. ‘तुमचे मॅनेजर वेळेवर आणि स्पष्ट सूचना देतात का?’ हे दोन प्रश्न आहेत. सूचना वेळेवर पण गोंधळलेल्या असतील, तर माणूस मधला आकडा टेकवून पुढे जातो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. ‘लिनिअर स्केल’मध्ये, म्हणजे १ ते ५ असा आकडा निवडायच्या प्रश्नात, फक्त दोन टोकांना शब्द देता येतात, मधले आकडे मुके राहतात. त्याऐवजी मल्टिपल चॉइसमध्ये पाचही पर्याय शब्दांत लिहा: अजिबात नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. एकूण प्रश्न आठ-दहा, त्यांतले लेखी दोनच आणि तेही ऐच्छिक. सक्तीच्या लेखी प्रश्नाला ‘नो कमेंट्स’ किंवा नुसतं टिंब मिळतं. ‘काही सूचना?’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात तुमचं काम कशामुळे अडलं?’ असं विचारा, उत्तरात मशीनचं, मंजुरीचं किंवा माणसाचं नाव येतं.

‘इथे काम करा असं मित्राला सांगाल का?’ हा ० ते १० चा प्रश्न हमखास घातला जातो. ९-१० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ वाल्यांची टक्केवारी वजा करायची. ४० जणांत १८ जण वरचे, १२ मधले आणि १० खालचे असतील तर ४५ वजा २५, म्हणजे २०. इतक्या कमी लोकांत एक माणूस म्हणजे अडीच टक्के. त्यामुळे पुढच्या वेळी आकडा पाचाने घसरला तर ते एक-दोन माणसांचं मत बदलणं असू शकतं. त्यावर मीटिंग बोलावण्यात अर्थ नाही, लेखी उत्तरं वाचा.

‘समरी’ पानावरचे आलेख स्लाइडवर टाकण्यापुरते ठीक आहेत. मोफत खात्यात लेखी उत्तरांची तिथे नुसती यादी लागते आणि त्यांची वर्गवारी हातानेच करावी लागते. क्रम मोडलेल्या प्रतीत चार रकाने जोडा: विषय, निर्णय कोणाच्या हातात, काय ठरलं, कधीपर्यंत. ही नोंद फॉर्मला जोडलेल्या मूळ शीटमध्ये करू नका, नंतर नवीन उत्तरं आणि सॉर्टिंगमुळे ओळी सरकतात. मुदत संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत सगळ्यांना एक पानाचं उत्तर जायला हवं: हे करतोय, हे अमुक तारखेनंतर, हे करणार नाही आणि का नाही. ‘करणार नाही’चा भाग गाळला जातो आणि नेमका तोच लोक शोधत असतात. तो नसला की पुढच्या फॉर्मला उत्तरं कमी येऊ शकतात. या सगळ्यासाठी फॉर्म्समध्ये काहीही सोय नाही. गोळा करण्याला पाचपैकी चार गुण, गोळा झाल्यानंतरच्या कामाला एक.

मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स आधीच वापरात असेल तर त्यासाठी इकडे यायची गरज नाही. फक्त तिथे संस्थेपुरता फॉर्म केला की नाव नोंदवण्याचा पर्याय आपोआप चालू असतो, तो आठवणीने काढा. शिवाय फॉर्म भरायला सुरुवात केल्याची आणि भरून संपवल्याची अशा दोन्ही वेळा तिथे नोंदल्या जातात.

छळवणुकीच्या किंवा पैशांच्या अफरातफरीच्या तक्रारींसाठी मात्र यातलं काहीही वापरू नका. निनावी उत्तर देणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच शीटचा अ‍ॅक्सेस असू शकतो. अशा तक्रारी कोणाकडे आणि कशा करायच्या, हे फॉर्मच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.