होंडा सीटी७०: सिलिंडर मोठा करावा की इंजिनच बदलावे?

गोव्यात वाळपईकडून चोर्ला घाट चढताना होंडा सीटी७० या छोट्या मोटारसायकलचे ७२ सीसीचे जुने इंजिन धापा टाकते, तेव्हा ताकद वाढवावीशी वाटतेच. मूळ ४७ मिमीच्या जागी ५२ मिमीचा पिस्टन बसवला, की ४१.४ मिमी स्ट्रोकवर (पिस्टन सरकतो तेवढे अंतर) ८८ सीसी मिळतात. इंजिनची केस, म्हणजे बाहेरचे कवच, तीच, इंजिन नंबर तोच. फक्त कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलायला विसरू नका, नाहीतर पेट्रोल कमी पडून पिस्टन तापतो.

१२५ सीसीचे आडवे इंजिन त्याच दोन बोल्टांवर बसते, म्हणून मोह होतो. पण मग ६ व्होल्टची वायरिंग १२ ची करा, चेन-स्प्रॉकेट जुळवा. आणि ब्रेक? दहा इंची चाकांतले ते इवलेसे ड्रम पावसात, लाल चिखलात भिजले की आधीच नीट धरत नाहीत. त्यावर एवढा वेग मला सुरक्षित वाटत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते, ती वेगळी.

सत्तरी तालुक्याच्या कुळागरांतल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतल्या, वाटांसाठी मी ८८ सीसीच करेन. रोज घाट ओलांडायचा असेल, तर १२५ घ्या, पण आधी पुढे डिस्क ब्रेक बसवा.