ट्रोलोपचा बार्सेटशर सेट : आठ महिने वापरल्यानंतर

अँथनी ट्रोलोप या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखकाच्या सहा कादंबऱ्यांचा हा सेट. परवा रात्री त्यातल्या सहाव्या पुस्तकाचं बाइंडिंग मधोमध उकललं आणि चाळीसेक पानांचा गठ्ठा मांडीवर पडला. तेही नेमकं कुठे, तर तो गरीब पाद्री क्रॉली चिखल तुडवत बिशपच्या (वरच्या धर्मगुरूच्या) वाड्यावर जातो आणि बिशपच्या तोऱ्यातल्या बायकोला, मिसेस प्राउडीला, तोंडावर गप्प बसवतो तिथे. दुसऱ्यांदा वाचत होते म्हणून बरं, पहिल्या वाचनात झालं असतं तर रडलेच असते.

सेलरला फोटो पाठवले, तीन वेळा फोन केला. उत्तर एकच, रिटर्नची मुदत दहा दिवसांची होती. अहो पण आठशे पानांचं पुस्तक दहा दिवसांत उघडून बघणार कोण? सहा पुस्तकांचे २,३४० रुपये मोजलेत मी, आणि आत शिलाईचा एक धागा नाही, नुसता गोंद. तिसरं पुस्तकही असंच खिळखिळं झालंय. ज्यांना फक्त वाचायचंय त्यांनी हा सेट घेऊच नका, कॉपीराइट कधीच संपलाय, सहाही कादंबऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. मला स्क्रीनवर जमत नाही म्हणून पैसे घातले.

आता ट्रोलोपबद्दल. मी बावीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे माझी सुरुवातच उलटी झाली, आधी आत्मचरित्र वाचलं. शेवटी त्याने प्रत्येक पुस्तकाचे किती पैसे मिळाले त्याची यादी दिलीय, एकूण ६८,९३९ पौंड १७ शिलिंग ५ पेन्स. ते पाच पेन्स मी आठ महिने विसरू शकलेले नाही. सेटमधल्या पहिल्या कादंबरीचे, वॉर्डनचे, १८५५ अखेर पहिले ९ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स आले, तेसुद्धा लिहून ठेवलंय. १८८२ मध्ये तो गेला, पुढच्या वर्षी हे पुस्तक आलं आणि बरेच वाचक नाराज झाले, की घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहिणारा कसला कलावंत!

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मलाही तसंच वाटलं. म्हातारा मोतद्दार साडेपाचच्या आत कॉफी आणून उठवणार, त्याचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा, मग तीन तास लिखाण, मग पोस्टाची नोकरी. १८५८ मध्ये पोस्टाने त्याला इजिप्तला पाठवलं, अलेक्झांड्रिया ते सुएझ डाक रेल्वेने नेण्याचा करार करायला (हिंदुस्थानची डाकही त्याच वाटेने यायची). बोटीवर ओकाऱ्या होत असतानासुद्धा रोजची पानं चुकवली नाहीत, डॉक्टर थॉर्न (सेटमधली तिसरी) एका दिवशी संपवली आणि दुसऱ्या दिवशी पुढची सुरू केली. मला वाटलं हा माणूस आहे का गिरणी? त्यात वॉर्डन संथ, आणि दुसऱ्या पुस्तकात, बारचेस्टर टॉवर्समध्ये, तर पंधराव्या प्रकरणात लेखक स्वतःच सांगून टाकतो की काळजी करू नका, नायिका एलिनॉर त्या लबाड पाद्री स्लोपशी लग्न करणार नाहीये. इतका राग आला की पुस्तक तीन आठवडे कपाटात.

मत बदललं ते शेवटच्या पुस्तकाने. क्रॉलीचं वर्षाचं उत्पन्न १३० पौंड, पदरी बायको आणि तीन मुलं, खाटकाची उधारी, आणि त्याच्यावर आळ काय तर २० पौंडांचा चेक चोरल्याचा. त्याला स्वतःलाच आठवत नाही की तो चेक आपल्याकडे आला कुठून. आधी एक सांगतो, ते खोटं ठरतं, मग दुसरं सांगतो, तेही मानत नाहीत. आधी सगळं फोडणारा हा लेखक इथे मात्र चेकचं रहस्य शेवटापर्यंत धरून ठेवतो, पण मला चेक कोणी दिला याची उत्सुकता राहिलीच नव्हती, एवढा शिकलेला सच्चा माणूस स्वतःच्याच डोक्यावर विश्वास ठेवू शकत नाही हे बघूनच जीव गोळा होत होता. हिशोब जुळत नसला की माणसाला आपणच चोर वाटायला लागतो, हे मी ऑफिसात पाहिलंय.

मग वॉर्डन परत काढलं आणि त्यातला नायक, वृद्धाश्रम सांभाळणारा पाद्री हार्डिंग, वेगळाच दिसला. वर्षाला ८०० पौंडांची जागा, बारा म्हातारे सांभाळायचे, वर त्यांना रोजचे दोन पेन्स स्वतःच्या खिशातून देणारा माणूस. त्याच्या या उत्पन्नावरून भरलेला खटला मागे घेतला जातो, जावई म्हणतो राहा, तरी हा राजीनामा देऊन ७५ पौंडांच्या छोट्या चर्चवर जातो. आकडे काढून टाका, मग या माणसाने काय सोडलं ते कळणारच नाही.

आणि हे आकडे त्याला घरातूनच मिळाले होते. वडिलांची वकिली बुडाली, १८३४ मध्ये जप्ती चुकवायला सगळं घर बेल्जियमला ब्रूजला पळालं. तिथे भाऊ क्षयाने मरतोय, पुढच्या वर्षी वडीलही गेले, आणि आई फ्रान्सिस ट्रोलोप औषधाच्या बाटल्यांशेजारी शाईची दौत ठेवून कादंबऱ्या लिहून घर चालवतेय. पहिलं पुस्तक आलं तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. अँथनी १८३४ मध्येच पोस्टात वर्षाला ९० पौंडांवर चिकटला. असं घर बघितलेला मुलगा घड्याळ लावून लिहिणार नाही तर काय मूड यायची वाट बघणार? मला त्या यादीत हाव दिसत नाही आता. एकदा बुडालेल्या घरातला मुलगा पै-पैचा हिशोब ठेवतोय, एवढंच दिसतं.

एक तक्रार राहिलीच. क्लबात दोन पाद्री मिसेस प्राउडीला कंटाळल्याचं बोलत होते, ते ट्रोलोपने ऐकलं, उठून त्यांना म्हणाला आता घरी जाऊन तिला मारून टाकतो, आणि कादंबरीत खरंच मारून टाकली. नंतर त्याला स्वतःलाच वाईट वाटलं. मला अजून वाटतंय, लोकांचं ऐकायला नको होतं.

मजकुराला पाच स्टार, छपाई-बांधणीला एक. सुटलेली पानं आमच्या इथल्या बाइंडरकडे दिलीत, तिसरं आणि सहावं दोन्ही शिवून नवीन पुठ्ठा घालायचे २४० रुपये सांगितलेत, शनिवारी मिळतील.