बारा ड्रॉप, एक हेडर आणि सगळीकडे उणे ४१.२

माझ्यासमोर एक सर्टिफिकेट आहे, कारखान्यातली हवेची पाइपलाइन आतून कोरडी केल्याचं. त्यात तेरा ओळी आहेत: एक मेन हेडरच्या म्हणजे मुख्य पाइपच्या टोकाची, बारा ड्रॉपच्या म्हणजे त्यातून खाली उतरणाऱ्या फाट्यांच्या. प्रत्येक ओळीपुढे ड्यू पॉइंट लिहिलाय (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते; जितकं खाली तितकी हवा कोरडी), उणे ४१.२ अंश सेल्सिअस. तेराही ठिकाणी दशांशासकट तोच आकडा. खाली शिक्का आहे, सही आहे आणि मीटरचा फोटो जोडलाय. हे हातात पडलं तेव्हा मी वाचलं आणि पैसे दिले. आकडे सारखे कसे, हा प्रश्न मला पडला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

भोसरीत आमचं पावडर कोटिंगचं युनिट आहे, म्हणजे धातूच्या पार्टवर रंगाची पावडर हवेच्या गनने मारून ओव्हनमध्ये भाजायची. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. २०२५ मध्ये चाकणला दुसरा शेड घेतला आणि तिथे हवेची नवी लाइन टाकली: दोन इंची एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, १८० मीटर, बारा ड्रॉप. लाइन १० बारची, म्हणून फॅब्रिकेटरने १५ बारला हायड्रोटेस्ट केली, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी. ते बरोबरच होतं. हवेने टेस्ट करताना एखादा जोड सुटला तर दाबलेली हवा स्फोटासारखी बाहेर येते. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे दाब लगेच उतरतो. पण टेस्टनंतर लाइन आतून ओली राहते. शिवाय वेल्डिंगचा स्लॅग, ग्राइंडिंगची भुकटी, रॉडची थोटकं आत असतातच. हे सगळं हवेने बाहेर काढून लाइन कोरडी करणं हे वेगळं काम, आणि ते करणारी माणसंही वेगळी.

आमच्या धंद्यात याला किती महत्त्व आहे ते बाहेरच्यांना पटकन कळत नाही. हवेत पाणी आलं की हॉपरमधल्या (पावडरीच्या टाकीतल्या) पावडरीच्या गुठळ्या होतात आणि गन थुंकायला लागते. तेल आलं तर त्याहून वाईट. गन मारताना काही दिसत नाही. पार्ट ओव्हनमध्ये दोनशे अंशांपर्यंत तापून बाहेर आला की पृष्ठभागावर बारीक खड्डे पडलेले असतात. तो पार्ट घासून पुन्हा करावा लागतो किंवा भंगारात जातो.

ओळखीच्या एका सप्लायरने एका ठेकेदाराचं नाव सुचवलं. माणूस बोलायला नम्र, ‘ताई, ताई’ करणारा. कोटेशनमध्ये सगळं व्यवस्थित लिहिलेलं: कार्डबोर्ड ब्लास्टिंग (टोकाला लावलेला पुठ्ठा दाबाने फोडून कचरा बाहेर उडवणं), टार्गेट प्लेट (कचरा अजून येतोय का ते बघायला समोर धरायची पट्टी), उणे ४० ड्यू पॉइंटचा डेसिकंट ड्रायर (ओल शोषणाऱ्या गोळ्यांनी हवा सुकवणारं यंत्र), प्रत्येक ड्रॉपला ड्यू पॉइंटची नोंद. रक्कम १ लाख ८५ हजार अधिक जीएसटी, सत्तर टक्के आगाऊ. जुलै होता, माल सुरू करायची घाई होती. मी हो म्हटलं.

ठरलेल्या दिवशी ३०० सीएफएमचा (मिनिटाला ३०० घनफूट हवेचा) डिझेल कॉम्प्रेसर आला. विहिरी आणि रस्त्याच्या कामाला भाड्याने देतात तसला, जुना. त्याच्यासोबत दोन उभ्या टाक्यांचा एक रंगवलेला सांगाडा, त्यावर ‘एअर ड्रायर’ असं लिहिलेलं. हेडरच्या टोकाला जाड पुठ्ठा फ्लॅंजमध्ये आवळला, लाइन भरली आणि पुठ्ठा फुटला. आवाज एवढा मोठा की शेजारच्या गाळ्यातली माणसं धावत आली. गंजाचा लाल ढग उठला. आमची पोरं मोबाइलवर शूटिंग करत होती, आणि तिसऱ्या स्फोटाला रॉडचं थोटुक उडून दहा फुटांवरच्या प्लास्टिकच्या ड्रमात घुसलं. समोर ना दोरी बांधली होती, ना कुणाला मागे सरकवलं होतं. त्या ड्रमच्या जागी एखादं पोरगं असतं, हा विचार अजूनही माझी झोप मोडतो. असं काम चालू असेल तर तोंडासमोर कुणालाही उभं राहू देऊ नका, ठेकेदार काहीही म्हणो.

आवाजाने आम्ही भारावलो. इतका कचरा निघतोय म्हणजे काम चोख चाललंय, असं वाटलं. बाराही ड्रॉपचे व्हॉल्व्ह त्या वेळी बंद होते, हे लक्षातच आलं नाही. हवा फक्त हेडरमधून सरळ गेली. प्रत्येक ड्रॉपच्या खालच्या पॉकेटमध्ये (पाणी साठायच्या बंद टोकात) पाणी आणि कचरा जसाच्या तसा राहिला.

त्यानंतर ‘ड्राइंग’ म्हणून तीन तास कॉम्प्रेसर चालला. मी त्या सांगाड्याशेजारी बराच वेळ उभी होते. आज कळतं की तिथे मला जे ऐकू आलं नाही, त्यातच सगळं होतं. हीटलेस डेसिकंट ड्रायरमध्ये एक टाकी हवा सुकवते, तेव्हा दुसरीतल्या गोळ्यांमधली ओल थोडी कोरडी हवा सोडून बाहेर काढतात. मग टाक्यांची अदलाबदल होते, बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांनी. अदलाबदल होताना सायलेन्सरमधून मोठ्याने फुस्स असा आवाज येतो. तीन तासांत तो एकदाही आला नाही. टाक्या टाळून जाणाऱ्या बायपासचा व्हॉल्व्ह उघडा होता. हवा त्या टाक्यांत शिरतच नव्हती.

याचा अर्थ काय, ते नंतर हिशोब मांडल्यावर उमगलं. पावसाळ्यात २५ अंशांच्या दमट हवेत घनमीटरमागे वीसेक ग्रॅम बाष्प असतं. ३०० सीएफएम म्हणजे तासाला साधारण ५१० घनमीटर. म्हणजे दर तासाला सुमारे दहा लिटर पाणी त्या कॉम्प्रेसरमध्ये शिरत होतं. ७ बारच्या गेज दाबाला (बाहेरच्या हवेपेक्षा ७ बार जास्त) आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते, पण बाष्प धरून ठेवायला जागा त्या एकाच घनमीटरची. हवा पुन्हा २५ अंशांवर थंड झाली की तेवीस ग्रॅमच्या आसपास बाष्प उरतं, बाकीचं पाणी होऊन खाली उतरतं. कॉम्प्रेसरमधून हवा तापून निघते, त्यामुळे हाताला कोरडी लागते. गार पाइपमध्ये दाबाखाली कोंडली की तिथेच पाझरते. जी लाइन सुकवायला बोलावलं, तिच्यातच पाणी भरलं जात होतं, आणि त्याबरोबर जुन्या कॉम्प्रेसरचं तेलही.

उत्पादन सुरू झालं. इलेक्ट्रिक पॅनेलच्या दरवाज्यांचं काम होतं. पहिल्याच आठवड्यात ६४० नग परत आले, पाठोपाठ ग्राहकाकडून २ लाख १२ हजारांच्या वजावटीची डेबिट नोट. आम्ही आधी पावडर बदलली, मग फॉस्फेटिंगच्या टाक्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या. भाऊ रात्र रात्र ओव्हनपाशी बसला. लाइनवर कुणाचाच संशय नव्हता, कारण लाइनचं तर सर्टिफिकेट होतं.

आकुर्डीला वडिलांचे एक स्नेही राहतात, रसायन कारखान्यातून पाइपिंग फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काका म्हणतो. शेवटी त्यांना बोलावलं. ते आले आणि पहिला प्रश्न विचारला, “पोरी, मीटर कुठे लावलं होतं?”

“प्रत्येक ड्रॉपला,” मी म्हटलं.

“तू लावताना बघितलंस?”

मी बघितलं नव्हतं. दुपारी मी बँकेत गेले होते, आणि परत आल्यावर मला मीटरचा फोटो दाखवला होता.

काकांनी शेवटच्या ड्रॉपपुढे पांढरं सुती फडकं धरलं आणि व्हॉल्व्ह जरासा उघडला. फडक्यावर पिवळट तेलाचा डाग उमटला, मधे गंजाचे कण. मग पॉकेटचा ड्रेन सोडला, तर अर्धा कप तांबडं पाणी निघालं. त्यानंतर ते सर्टिफिकेटवरचा फोटो चष्मा वर करून बघत बसले. मीटरच्या मागे, कोपऱ्यात, एका सिलिंडरचा वरचा भाग दिसत होता: राखाडी अंग, काळी मान. ठेकेदाराने आम्हाला तो वेल्डिंगचा गॅस म्हणून सांगितला होता. काका म्हणाले, “टिग वेल्डिंगच्या आर्गॉनचा सिलिंडर निळा असतो. हा नायट्रोजनचा आहे.” सिलिंडरमधला नायट्रोजन मुळातच अतिशय कोरडा असतो. मीटर माझ्या लाइनला लावलंच नव्हतं, ते त्या सिलिंडरच्या नळीला लावलं होतं. एकच वाचन घेतलं आणि तेरा ओळींत उतरवलं.

काकांनी सांगितलेली पद्धत इथे नीट लिहिते, कारण हीच मला आधी माहीत हवी होती. आधी प्रत्येक ड्रॉप उघडून वेगळा ब्लो करायचा, पॉकेटचे ड्रेन मोकळे करायचे. मग खऱ्या ड्रायरची हवा सोडायची आणि मीटर ड्रायरच्या तोंडाशी न लावता सर्वांत लांबच्या ड्रॉपला लावायचं. ड्रायरपाशी उणे ४० दाखवणं सोपं आहे, त्यातून लाइनचं काहीच कळत नाही. लांबच्या टोकाला पाहिजे तसा आकडा आला तरी तिथे थांबायचं नाही. लाइन कोरड्या हवेने भरून सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, चोवीस तास ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. कुठे खळगीत पाणी अडकलं असेल तर त्याची वाफ होऊन आकडा वर चढलेला दिसतो. आमच्या लाइनच्या भिंतींवर ०.१ मिलिमीटरचा थर राहिला असता तरी ते पाणी तीनच लिटर भरतं. तेवढं वाहती कोरडी हवा लवकर उडवते. पॉकेटमधलं अर्धा कप पाणी मात्र दिवसभर टिकतं. म्हणून चोवीस तास. जो ठेकेदार याला नाही म्हणेल, त्याला काम देऊ नका.

आणखी एक गोष्ट कोटेशनमध्ये लिहून घ्या: ड्यू पॉइंट दाबाखालचा की बाहेरच्या हवेतला. ७ बारला अधिक ३ अंश असलेली हवा बाहेर सोडून मोजली तर उणे २३ दाखवते. साधा रेफ्रिजरेटेड ड्रायर लावून उणे २३ चा आकडा कागदावर आणता येतो, आणि तो खोटाही नसतो. आपल्याला काय हवं ते आपणच स्पष्ट लिहायला हवं.

सगळं पुन्हा करायला नऊ दिवस लागले. ड्रॉप उतरवून आतलं तेल अल्कली डीग्रीझरने धुतलं, पुन्हा जोडले, सुकवले, बंद करून ठेवले. दुसऱ्या दिवशी मीटर मी स्वतः लावलं. बारा ड्रॉपला बारा वेगळे आकडे आले, उणे २४ पासून उणे ३१ पर्यंत. काका म्हणाले, खरी लाइन अशीच दिसते.

ठेकेदाराने फोन घेणं बंद केलं. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तेव्हा कळलं की नोंदणी आमच्या कामाच्या आधीच रद्द झालेली होती. म्हणजे भरलेल्या कराचं क्रेडिटही गेलं. हा नंबर कुणालाही दोन मिनिटांत, फुकट तपासता येतो. मी तो आगाऊ रक्कम देण्याआधी तपासला नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या पैशात भावाचीही मेहनत होती.

पोलिसांनी आधी हा दिवाणी वाद आहे म्हणून परत पाठवलं. मग सर्टिफिकेट, फोटोची मोठी प्रिंट, नवी वाचनं आणि जीएसटीची नोंद एकत्र लावून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली लेखी तक्रार दिली. त्याची पोच मिळाली आहे. एकाच पद्धतीच्या आणखी तक्रारी असतील तर नजरचूक म्हणून सुटता येणार नाही, असं वकिलांचं म्हणणं आहे. चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव, कुठेही असा माणूस येऊन गेला असेल तर कृपया आपली फाइल उघडा, सर्टिफिकेटवर प्रत्येक ओळीत तोच आकडा आहे का ते बघा आणि फोटोत मीटरच्या मागे काय उभं आहे तेही बघा.