फुफ्फुसांचा डॉक्टर शोधणं आणि तब्येतीच्या बातम्या, बरेच महिने वापरून झाल्यावर

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसांचा कायमचा आजार. बिडी-सिगारेट कधी नाही, पण गावाकडे सगळं आयुष्य चुलीपुढे गेलं, आणि चुलीच्या धुरानेसुद्धा हा आजार होतो हे अजून खूप घरांना माहीतच नाही, बायकांचा दम सरळ वयावर ढकलतात.

डॉक्टर शोधायचं ॲप भरपूर वापरलं. नावं, वेळा, फी, अपॉइंटमेंट यासाठी चांगलंय. पण स्टार बघून डॉक्टर निवडू नका, रिव्ह्यूत काय असतं तर बोलणं गोड, नंबर लवकर लागतो, पार्किंग आहे. मी आधी डिग्री बघते, एमडी रेस्पिरेटरी मेडिसिन (पाटीवर कधी एमडी चेस्ट असतं) किंवा डीटीसीडी (टीबी आणि छातीच्या आजारांचा डिप्लोमा), नाव नॅशनल मेडिकल कमिशनच्या रजिस्टरमध्ये ऑनलाइन शोधते आणि मग क्लिनिकला फोन करून एकच विचारते, स्पायरोमेट्री करता का?

कारण सगळं त्या फुंकायच्या टेस्टवर आहे. पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायचं, मग औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत. एकूण फुंकलेल्या हवेतली पहिल्या सेकंदात किती बाहेर आली ते बघतात, औषधानंतरही तो रेशो 0.70 च्या खाली राहिला तर सीओपीडीकडे बोट जातं. आधी एका ठिकाणी नुसता स्टेथोस्कोप लावून वर्षभर खोकल्याचं औषध चालू ठेवलं होतं, त्याचा मला अजूनही राग येतो.

आत्ताचे डॉक्टर मला का पटले सांगते. पहिल्याच भेटीत म्हणाले, आजी, पंप कसा घेता ते करून दाखवा. आणि तिथेच कळलं की औषध बरंचसं तोंडातच राहत होतं!! रोटाकॅपचं (पावडरच्या कॅप्सूलचं) यंत्र जोरात आणि खोल ओढायचं, दाबायचा पंप मात्र सावकाश, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, मग जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत श्वास रोखायचा, आणि स्टिरॉइडवाला असेल तर नंतर चूळ भरायचीच नाहीतर तोंडात बुरशी येते. हे आम्हाला औषधाच्या दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. तेच औषध, तोच डोस, पण आता जिना चढताना मध्ये बसत नाही.

बातम्यांचं म्हणाल तर जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या व्हायरसच्या वेळी फॅमिली ग्रुपवर इतकं काय काय आलं की आई घराबाहेर पडेना. हा व्हायरस 2001 मध्येच नेदरलँड्समध्ये सापडलाय, नवा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती सावरली. तेव्हापासून फॉरवर्ड बंद, आरोग्य मंत्रालय आणि डब्ल्यूएचओ एवढंच बघते, बाकी शंका लिहून ठेवायच्या आणि पुढच्या भेटीत विचारायच्या. फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोकोकलची लस अशीच विचारून घेतली.

रोज उपयोगी पडतं ते हवा किती खराब आहे ते दाखवणारं सीपीसीबीचं (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) समीर ॲप. पुण्यात आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं सफर पण आहे. एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा) 101 ते 200 असला तरी फुफ्फुसांच्या पेशंटला श्वासाचा त्रास होऊ शकतो असं सीपीसीबीच्याच तक्त्यात आहे, म्हणून त्या दिवशी आईचा वॉक घरातल्या घरात. फक्त स्टेशन आपल्यापासून किती लांब आहे ते बघा, गल्लीत कचरा जळत असेल तर ॲपला काय कळणार.

आता डॉक्टरांनी पल्मनरी रिहॅब सांगितलंय, म्हणजे श्वासाचे आणि पायांचे व्यायाम शिकवतात ते. आई उन्हाळ्यात गावी असते, कराड-सातारा बाजूला हे नीट शिकवणारे फिजिओ कोणाला माहीत असतील तर प्लीज कळवा.