मेलमन ३ : लिस्ट चालवणाऱ्याने डिफॉल्टवर सोडू नयेत अशा सेटिंग्ज

परिभाषेच्या प्रश्नांवर चर्चा करणाऱ्या अनुवादकांची एक मेलिंग लिस्ट मी गेली बरीच वर्षे सांभाळतो आहे. सदस्य तीनशेच्या आसपास आहेत. कधी दिवसाला वीस पत्रे येतात, तर कधी दोन-दोन आठवडे एकही येत नाही. ही लिस्ट आधी ग्नू मेलमन या मेलिंग लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २.१ आवृत्तीवर होती आणि आता मेलमन ३ वर आहे. या सॉफ्टवेअरबद्दल माझे मत चांगले आहे आणि ते अनुभवातून बनलेले आहे. मात्र मेलमन बसवून लिस्ट तयार केली आणि सेटिंग्ज आहेत तशा ठेवल्या, तर काही महिन्यांतच सदस्यांच्या तक्रारी सुरू होतात आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. वस्तुतः चार-पाच सेटिंग्जवरच लिस्टचा स्वभाव ठरतो. या परीक्षणात मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

मेलमनची सुरुवात जॉन व्हिएगा यांनी १९९०च्या दशकात केली आणि पुढे बॅरी वॉर्सॉ व इतर विकसकांनी ते वाढवले. २.१ ही मालिका पायथन २ या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते, आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० पासून बंद झालेला आहे. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा जुन्या आवृत्तीवर थांबून राहणे योग्य नाही. शिवाय २.१ मध्ये सदस्यांचे पासवर्ड साध्या मजकुरात साठवले जात, आणि रिमाइंडरची सोय बंद केली नसेल तर दर महिन्याच्या १ तारखेला ते मेलने पाठवलेही जात; आजच्या काळात हे समर्थनीय नाही. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या मेलमन ३ ची रचना निराळी आहे. पत्रे हाताळणारा गाभा वेगळा, सेटिंग्जसाठी पोस्टोरियस हा वेगळा भाग आणि जुनी पत्रे वाचण्यासाठी हायपरकिटी हा तिसरा. उभारणीला कष्ट पडतात, हे आधीच सांगितलेले बरे. मेल सर्व्हर, डेटाबेस आणि वेब सर्व्हर या तिघांशी जुळवून घ्यावे लागते, आणि ज्याने यापूर्वी सर्व्हर सांभाळलेला नाही त्याने मेलमन आयते चालवून देणारी सेवा घ्यावी हेच श्रेयस्कर.

सर्वांत आधी उत्तराचे सेटिंग पाहावे. एखाद्या सदस्याने आलेल्या पत्राला ‘रिप्लाय’ दिला, तर ते उत्तर मूळ लेखकाला जावे की सगळ्या लिस्टला, हे ‘आल्टर मेसेजेस’ या विभागात ठरते. आमच्याकडे सुरुवातीची काही वर्षे उत्तर थेट लिस्टला जात असे, कारण चर्चा सर्वांसमोर व्हावी अशी माझी इच्छा होती. एके दिवशी एका ज्येष्ठ सदस्याने दुसऱ्याच्या साध्या प्रश्नाला उत्तर देताना स्वतःच्या आजारपणाविषयी आणि त्यामुळे हातातून गेलेल्या कामाविषयी चार ओळी लिहिल्या. त्या फक्त त्या एका मित्रासाठी होत्या, पण पोहोचल्या तीनशे जणांकडे. त्यांनी मला तासाभरात फोन केला आणि ते पत्र परत घेता येईल का, असे विचारले. पोहोचलेले पत्र परत घेता येत नाही. अर्काइव्हमधून, म्हणजे जुन्या पत्रांच्या साठ्यातून, मी ते काढून टाकले, पण लोकांच्या इनबॉक्सपर्यंत माझा हात पोहोचत नव्हता.

त्या दिवसापासून मी ‘नो मंजिंग’ हा पर्याय ठेवला आहे, म्हणजे लेखकाने लिहिलेल्या उत्तराच्या पत्त्याला मेलमन हात लावत नाही. याची किंमतही मोजावी लागली. पुढचे काही आठवडे चर्चा रोडावली, कारण लोक सवयीने साधा ‘रिप्लाय’ देत राहिले आणि उत्तरे खासगीतच राहिली. ‘रिप्लाय ऑल’ वापरण्याची सवय लागायला दोन-तीन महिने गेले आणि या काळात सेटिंग पूर्ववत करण्याची मागणी मला वारंवार ऐकावी लागली. ती मी मान्य केली नाही, कारण दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या वजनाच्या नाहीत. लिस्टसाठी असलेले उत्तर एकालाच गेले तर ते पुन्हा पाठवता येते; एकासाठी असलेले पत्र सर्वांना गेले तर त्यावर उपाय नाही. ज्या लिस्टवर केवळ तांत्रिक प्रश्नोत्तरे होतात आणि सदस्य एकमेकांना व्यक्तिशः ओळखत नाहीत, तिथे उलटा पर्याय चालू शकेल, हे मी मान्य करतो.

दुसरे सेटिंग डीमार्कचे आहे, आणि माझ्या मते आज लिस्ट चालवणाऱ्याने सर्वाधिक वेळ त्यालाच द्यायला हवा. पत्राच्या ‘फ्रॉम’मध्ये ज्या डोमेनचे नाव असते, त्या डोमेनच्या मालकाला डीमार्कद्वारे असे जाहीर करता येते की, माझ्या नावाने आलेले पत्र एसपीएफ (पाठवणारा सर्व्हर अधिकृत आहे का हे पाहणारी) किंवा डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही तपासणारी) यांपैकी एकाही कसोटीवर माझ्या डोमेनशी जुळले नाही, तर ते नाकारावे. लिस्टचे पत्र नेमके इथेच अडकते. ते सदस्याच्या सर्व्हरवरून न येता लिस्टच्या सर्व्हरवरून पुढे पाठवले जाते, त्यामुळे एसपीएफ जुळत नाही; आणि विषयाच्या आधी लिस्टचे नाव जोडले किंवा पत्राखाली तळटीप लावली की डीकेआयएमची सहीही मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आणि पाठोपाठ एओएलने नकाराचे धोरण जाहीर केले, तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्ट या अडचणीत एकदमच सापडल्या होत्या. त्यानंतर मेलमनमध्ये उपाय आला. मेलमन ३ मध्ये त्यासाठी ‘डीमार्क मिटिगेशन्स’ असा स्वतंत्र विभाग आहे, परंतु त्यातला डिफॉल्ट पर्याय ‘नो मिटिगेशन’ हाच आहे.

नव्या आवृत्तीवर आल्यानंतर मी तो विभाग उघडलाच नाही, ही माझी चूक. आमचा एक सदस्य आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावरून लिहीत असे आणि त्या कार्यालयाने नकाराचे कडक धोरण लावले होते, याची त्यालाही कल्पना नव्हती. एका शब्दावरून वाद रंगला आणि तो सलग पाच दिवस लिहीत राहिला. त्याची पत्रे जवळजवळ चाळीस सदस्यांच्या सर्व्हरनी परत पाठवली आणि मेलमनने त्या प्रत्येक परत आलेल्या पत्राची नोंद, नियमाप्रमाणे, ज्याच्याकडून पत्र परत आले त्या सदस्याच्या नावावर केली. परत आलेल्या पत्रांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक गुण मिळतो आणि पाच गुण झाले की त्या सदस्याची पत्रे थांबतात, असा मेलमनचा डिफॉल्ट हिशेब आहे. पाचव्या दिवशी ज्यांचा काहीही दोष नव्हता अशा चाळीस जणांची लिस्ट बंद पडली, आणि ज्याच्या पत्रांमुळे हे घडले त्याची मात्र व्यवस्थित चालू राहिली. कारण शोधायला मला दोन दिवस लागले.

यावर उपाय म्हणजे ‘मंज फ्रॉम’ निवडणे. त्यानंतर कडक धोरणाच्या डोमेनवरून आलेल्या पत्राच्या ‘फ्रॉम’मध्ये ‘अमुक व्हाया लिस्ट’ असे नाव आणि लिस्टचा पत्ता दिसतो, तर मूळ लेखकाचा पत्ता उत्तराच्या जागी जातो. त्याखालीच हा उपाय सरसकट सर्वांना लावण्याचे एक सेटिंग आहे. ते बंदच ठेवावे, म्हणजे ज्यांच्या डोमेनवर असे धोरण नाही त्यांची पत्रे त्यांच्या खऱ्या पत्त्यानेच दिसतात. विषयातली जोड आणि तळटीप दोन्ही काढून टाकली तर सही सहसा शाबूत राहते आणि हा खटाटोप टळू शकतो, हा विचार मीही करून पाहिला. पण लिस्ट कशी सोडायची हे सांगणारी ओळ पत्राखाली असलीच पाहिजे असे माझे मत आहे. पत्राच्या हेडरमध्ये, म्हणजे सहसा न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींमध्ये, ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ची नोंद मेलमन करतोच, तथापि अनेक सदस्य ती कधीच पाहत नाहीत, आणि बाहेर पडण्याची वाट न सापडलेला सदस्य शेवटी स्पॅमचे बटण दाबतो.

बाउन्सच्या, म्हणजे परत आलेल्या पत्रांच्या, हिशेबात आणखी एक बदल मी केला आहे. डिफॉल्टनुसार सात दिवसांत एकही पत्र परत आले नाही तर आधीचे गुण रद्द होतात. रोज पत्रे येणाऱ्या लिस्टला हे ठीक आहे, पण जिथे पंधरा दिवसांतून एखादे पत्र येते तिथे बंद पडलेल्या पत्त्याचा गुण एकच्या पुढे कधी जातच नाही आणि असे मृत पत्ते वर्षानुवर्षे यादीत राहतात. मी ही मुदत तीस दिवस केली आणि पहिल्या काही महिन्यांतच आमच्या यादीतले वीसेक पत्ते आपोआप गळून पडले. पत्रे थांबल्यानंतर, यादीतून काढून टाकण्याआधी, सदस्याला सात-सात दिवसांच्या अंतराने तीन सूचना जातात, ती व्यवस्था मात्र आहे तशीच उत्तम आहे.

पत्राच्या आकाराची मर्यादा हा विषय इंग्रजीत लिहिणाऱ्यांना किरकोळ वाटेल. मराठीत लिहिणाऱ्यांनी तो मुळीच किरकोळ समजू नये. मेलमनची डिफॉल्ट मर्यादा ४० केबी आहे. ‘मराठी’ या शब्दात संगणकाच्या दृष्टीने पाच चिन्हे आहेत: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे झाले पंधरा. आणि मेल पाठवताना मजकूर बहुधा बेस-६४ या रूपात बांधला जातो, ज्यात तीन बाइटचे चार होतात, त्यामुळे त्याचे होतात वीस. बहुतेक मेल प्रोग्रॅम तोच मजकूर साध्या आणि एचटीएमएल अशा दोन्ही रूपांत पाठवतात, म्हणजे एका ‘मराठी’ शब्दाला चाळीस बाइट. या हिशेबाने ४० केबीमध्ये जेमतेम पाच हजार चिन्हे मावतात, आणि हेडर व एचटीएमएलच्या खुणा धरल्या तर त्याहूनही कमी. एखाद्याने दीड पानाचे उत्तर लिहिले आणि खाली आधीची तीन पत्रे उद्धृत राहू दिली, की ते पत्र मॉडरेटरच्या मंजुरीसाठी अडकून पडते. आमच्याकडे सर्वांत विचारपूर्वक लिहिलेली पत्रेच अशी अडकत असत, आणि आपले पत्र मुद्दाम रोखले असा काही जणांचा समज झाला होता. मी मर्यादा ३०० केबी केली. शून्य लिहिले तर मर्यादाच राहत नाही, पण मग कोणीतरी छायाचित्रांचा गठ्ठा तीनशे जणांना पाठवून देतो, म्हणून तसे करू नये. याच कारणाने डायजेस्टची डिफॉल्ट ३० केबीची मर्यादाही वाढवणे आवश्यक आहे, अन्यथा दिवसाचे एकत्रित पत्र घेणाऱ्यांना दोन-दोन पत्रांचेच डायजेस्ट मिळत राहतात.

सदस्यत्वाच्या बाबतीत ‘कन्फर्म’ हे डिफॉल्ट योग्य आहे. पत्ता देणाऱ्याने त्या पत्त्यावर आलेल्या मेलला दुजोरा दिल्याशिवाय त्याला लिस्टमध्ये घेऊ नये, नाहीतर कोणीही दुसऱ्याचा पत्ता परस्पर घालू शकतो. नव्या सदस्याचे पहिले पत्र मी तपासून सोडतो. त्यासाठी सदस्यांच्या पत्रांवरची डिफॉल्ट कृती ‘होल्ड’ ठेवायची आणि विश्वास बसला की त्या सदस्यापुरती ‘डिफॉल्ट प्रोसेसिंग’ करायची. सदस्य नसलेल्यांची पत्रे मेलमन रोखून धरतो. तिथे ‘डिस्कार्ड’ लावण्याचा मोह टाळावा. फोनवरून दुसऱ्याच पत्त्याने लिहिणारे सदस्य प्रत्येक लिस्टवर असतात, आणि त्यांचे पत्र काहीही न कळवता नष्ट होते. अशा सदस्याचा दुसरा पत्ताही यादीत घेऊन त्यावरची पत्रे बंद ठेवणे, हा सोपा आणि खात्रीचा मार्ग आहे.

अर्काइव्ह सार्वजनिक, खासगी की मुळीच नाही, हे मात्र पहिल्या पत्राआधी ठरवावे आणि सदस्यांना लेखी कळवावे. नंतर सार्वजनिकचे खासगी करता येते, पण दरम्यान शोधयंत्रांनी जे नेले ते परत येत नाही.

पोस्टोरियसबद्दल माझी एक तक्रार कायम आहे. एकमेकांशी निगडित सेटिंग्ज वेगवेगळ्या विभागांत विखुरलेल्या आहेत. उत्तराचे सेटिंग एकीकडे, ‘मंज फ्रॉम’ दुसरीकडे आणि बाउन्स तिसरीकडे. यांपैकी एक बदलले तर दुसऱ्यावर काय परिणाम होतो, याची सूचना कुठेही मिळत नाही. तळटीप बदलण्यासाठी टेम्प्लेट्सच्या विभागात लांबलचक नावांच्या यादीतून नेमके नाव शोधावे लागते. गाभा जितका भक्कम आहे तितका हा वरचा भाग घडलेला नाही, असे म्हणावे लागते.

तरीही चर्चेची लिस्ट चालवायची असेल, सदस्यांची यादी आणि जुनी पत्रे आपल्याच ताब्यात ठेवायची असतील आणि आठवड्यातून अर्धा तास देण्याची तयारी असेल, तर मी मेलमन ३ ची शिफारस निःसंकोचपणे करतो. ज्यांना केवळ एकतर्फी बातमीपत्र पाठवायचे आहे, किती जणांनी उघडले हे मोजायचे आहे, त्यांच्यासाठी ते बनलेले नाही आणि त्यांनी वृत्तपत्रिकांसाठीची वेगळी सेवा पाहावी. आमच्या लिस्टवरचे ते ज्येष्ठ सदस्य अजूनही नियमित लिहितात, आणि सर्वांसाठीच्या उत्तराला ‘रिप्लाय ऑल’ द्यायला ते आता कधीच विसरत नाहीत.